दहा ओळींची बातमी

लिंकन स्टेफन्स या अमेरिकन पत्रकाराचा ‘द शेम ऑफ द सिटीज’ हा ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध झाला. सेंट लुईस, मिनिआपोलिस, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा नगरांच्या कारभारावर ‘मक्लुअर्स’ मासिकात त्याने लिहिलेल्या लेखांचा हा संग्रह. अमेरिकेच्या राजकीय इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमातही त्याचे नाव हटकून येते. वाङ्मय म्हणून मात्र त्याचा विचार क्वचितच होतो, आणि झालाच तर लेखकाच्या धैर्याचे व नैतिक संतापाचे कौतुक करून तो थांबतो. धैर्य हा गुण खराच. पण तो माणसाचा गुण आहे, गद्याचा नव्हे. ज्यांच्यावर तो संताप ओतला गेला ती सारी माणसे काळाआड गेल्यालाही आता कितीतरी वर्षे लोटली. असे असता या ग्रंथातली काही पाने अजून ताजी वाटतात आणि काही पार वाळून गेलेली आढळतात. ती कोणती, आणि का, हा समीक्षेचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास वाट स्टेफन्सपाशी थांबत नाही. ती एका जवळजवळ अनामिक व्यक्तीपाशी, नगरसभेच्या बैठकांना नित्य हजेरी लावणाऱ्या स्थानिक बातमीदारापाशी जाऊन पोचते.

ग्रंथातला पहिला नगरलेख सेंट लुईसविषयीचा आहे. मासिकात तो ऑक्टोबर १९०२ मध्ये आला. त्यातले कथानक ज्या क्षणी खऱ्या अर्थाने सुरू होते तो क्षण असा: त्या वर्षीच्या जानेवारीतल्या एका दुपारी ‘रेड’ गॅल्व्हिन या नावाने ओळखला जाणारा एक बातमीदार सरकारी वकील जोसेफ फोक याच्याकडे जातो आणि वर्तमानपत्रातल्या एका दहा ओळींच्या बातमीकडे त्याचे लक्ष वेधतो. ट्रामगाडीसंबंधीचा एक ठराव संमत व्हावा म्हणून नगरसभेच्या काही सभासदांना द्यावयाची मोठी रक्कम बँकेत ठेवण्यात आली आहे, एवढाच तिचा आशय. नाव कोणाचेच नाही: ना कंपनीचे, ना सभासदांचे. गॅल्व्हिन आपला तर्क सांगतो. हा ठराव सबर्बन रेल्वे कंपनीचा असावा. त्यानंतर तासाभरात फोक शंभराच्या आसपास माणसांना साक्षीसाठी बोलावणे धाडतो, कंपनीची बडी माणसे घाबरून बोलती होतात, बँकेतली पेटी उघडली जाते आणि तिच्यात नोटांची पुडकी सापडतात. एकंदर लाच ठरली होती १,३५,००० डॉलर. मध्येच न्यायालयाच्या मनाईहुकुमामुळे ठराव लटकला. ‘काम झाले नाही, पैसे नाहीत’ असे देणारे म्हणू लागले आणि ‘आम्ही मत दिले, पैसे टाका’ असे घेणारे म्हणू लागले. त्या भांडणातून कुजबुज फुटली आणि कुजबुजीतून त्या दहा ओळी.

येथून पुढे लेख फोकचा होतो. तो नायक ठरतो, आणि तसा तो होताही. १९०५ साली तो मिझुरी राज्याचा गव्हर्नर झाला. गॅल्व्हिनला मात्र त्या तीन-चार वाक्यांपलीकडे जागा नाही. कथेला गती देऊन तो नाटकातल्या दूताप्रमाणे विंगेत निघून जातो. वाचकालाही त्याची आठवण राहत नाही, कारण त्याने केले ते काय? एक कात्रण दाखवले आणि एक तर्क केला.

परंतु तो तर्क म्हणजे काय, हे पाहण्याजोगे आहे. निनावी बातमी सेंट लुईसमधल्या हजारो लोकांनी वाचली असेल. ती वाचून त्या क्षणी नगरसभेपुढे असलेल्या अनेक ठरावांपैकी नेमका कोणता हे ओळखणे ज्याला शक्य होते, त्याला त्या सभागृहाची दैनंदिनी पाठ असली पाहिजे. कोणता ठराव कधी मांडला गेला, समितीत तो किती दिवस अडला, कोणी आधी विरोध केला आणि कोणाचा विरोध एका आठवड्यात मावळला, कोणाच्या हालचालींत अलीकडे घाई दिसते, या गोष्टी कोणत्याही कागदावर एकत्र लिहिलेल्या नसतात. त्या हजेरीने कळतात. हे ज्ञान धैर्यातून येत नाही, प्रतिभेतूनही येत नाही. ते रोज तेच रटाळ कामकाज ऐकत बसण्यातून येते. बातमीदाराच्या या हजेरीच्या ज्ञानाला वाङ्मयविचारात नाव नाही. कवीच्या अनुभूतीवर आणि कादंबरीकाराच्या निरीक्षणावर ग्रंथ लिहिले गेले. हे तिसरे ज्ञान मात्र कारकुनी म्हणून बाजूला पडले. वस्तुतः स्टेफन्सच्या ग्रंथातले जे जे टिकले आहे ते या कारकुनीच्या पायावर उभे आहे.

सेंट लुईस हे त्या काळी लोकसंख्येने अमेरिकेतले चौथे नगर होते. १९०० च्या शिरगणतीत त्याची वस्ती पावणेसहा लाखांच्या घरात गेली होती, आणि १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते सजत होते. वाढणाऱ्या नगरात सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती? जमीन नव्हे, जमिनीपर्यंत जाण्याचा मार्ग. ट्रामचे रूळ जिकडे वळतील तिकडे वस्ती वळते, आणि वस्ती वळली की पडीक माळाचे चौरस फुटांत मोल होते. हे रूळ सार्वजनिक रस्त्यावरून न्यावयाचे, म्हणून त्यांना नगरसभेचा मक्ता लागतो. मक्ता म्हणजे उद्याच्या नगराचा आजच केलेला लिलाव. १८९८ साली रॉबर्ट स्नायडर या बाहेरच्या धनिकाने सेंट्रल ट्रॅक्शन कंपनीसाठी असा एक मक्ता सुमारे अडीच लाख डॉलर लाच वाटून मिळवला आणि साडेबारा लाखांना विकून टाकला. रूळ एक फूटही न टाकता! नगराच्या तिजोरीत त्यातला एक पैसाही पडला नाही.

हे व्यवहार स्टेफन्सच्या लेखात ज्या परिच्छेदात येतात तो त्या ग्रंथातला सर्वोत्तम परिच्छेद मानावा लागेल. त्यात संताप नाही, उद्गारचिन्ह नाही, उपमा नाही. त्यात केवळ दरपत्रक आहे. धान्याच्या कोठाराला परवानगी हवी तर अमुक दर, लहानशा रूळफाट्याला अमुक, मालगाडीच्या बाजूच्या रुळांना लांबीच्या फुटावर आकार, आणि तोही जमीन कोणत्या जातीची आहे त्यावर कमीजास्त, रस्तादुरुस्तीला ठराविक, नदीवरच्या धक्क्याच्या जागेची तर प्रतवारीच लावलेली. लाचेचे हे वर्णन नाही, लाचेचे जमाखर्ची रूप आहे. आणि त्याचा परिणाम कोणत्याही धिक्कारापेक्षा अधिक भयंकर होतो, कारण वाचकाला पुढे दिसतात ते चोर नसतात. दिसते ते एक सुरळीत चाललेले, नियमबद्ध, जवळजवळ प्रामाणिक वाटणारे कार्यालय. अनीती ही येथे विकृती राहत नाही, ती पद्धत होते. उपरोध या शब्दाचा मराठीत फार सैल वापर होतो. ज्याला खरा उपरोध म्हणावा तो असा असतो, लेखकाने काहीच न केल्यासारखा.

हा सूर स्टेफन्सचा एकट्याचा नाही. फुटाचा दर, जमिनीची प्रत, धक्क्याची वर्गवारी हा तपशील चार दिवसांसाठी नगरात उतरलेल्या पाहुण्याला गोळा करता येत नाही. ज्याने वर्षानुवर्षे हे दर वाढताना पाहिले त्याच्याच तोंडी तो असू शकतो. पाहुण्याच्या डोळ्यांना दिसते ते निराळे, आणि तेही लेखाच्या आरंभी चांगले उतरले आहे. बँकांच्या श्रीमंतीच्या गोष्टी ऐकत जाणाऱ्या प्रवाशाला घाणीने भरलेले रस्ते लागतात. मोडकळीला आलेली, आग लागली तर कोणी वाचू नये अशी एक इमारत लागते आणि ती नगराचे रुग्णालय असल्याचे कळते. नव्या नगरभवनाच्या प्रवेशद्वाराचा अर्धा भाग आतले अपुरे काम झाकण्यासाठी फळ्यांनी बंद केलेला असतो. शेवटी तो हॉटेलात परतून नळ सोडतो तर पाण्याऐवजी पातळ चिखल येतो. दृश्ये नेमकी आहेत, क्रम कुशल आहे. पण हे सारे पाहून होण्यासारखे आहे. दरपत्रक पाहून होण्यासारखे नाही. दोन परिच्छेदांतला हा फरक म्हणजे प्रवासवर्णन आणि नगरवृत्त यांच्यातला फरक होय.

नगरसभेच्या खालच्या सभागृहाविषयीचा एक किस्सा लेखात आला आहे: एका थट्टेखोराने पैसे देऊन एका पोराला बैठकीत घुसून ‘साहेब, तुमच्या गुत्त्याला आग लागली’ असे ओरडायला लावले, आणि सभागृह जवळजवळ रिकामे झाले. सभासदांपैकी कितीजण दारूच्या धंद्यातले होते हे सांगण्याची याहून लहान वाट नाही. असे किस्से एका लेखकाचे नसतात. ते नगरसभेच्या पत्रकार-बाकावर जन्मतात, वर्षानुवर्षे तिथेच घासले जातात आणि मग कोणाच्या तरी लेखात जाऊन बसतात.

याउलट ग्रंथाची प्रस्तावना. तिच्यातला विचार दुबळा नाही. भ्रष्टतेचे मूळ अडाणी परदेशी मतदारांत नसून प्रतिष्ठित व्यापाऱ्यांत आहे, आणि त्यांनाही साथ देणाऱ्या निष्क्रिय नागरिकांत आहे, हा तिचा सिद्धान्त त्या काळी बोचरा होता. अपराधी कोण या प्रश्नाला ‘आपण सर्व’ हे उत्तर देण्यास लागणारा प्रामाणिकपणाही तिच्यात आहे. पण तिचे गद्य व्यासपीठावरचे आहे. वाक्ये श्रोत्यांकडे तोंड करून उभी राहतात. लाज, अभिमान, नागरिकत्व, देशभक्ती या शब्दांची आवर्तने होत राहतात आणि ज्या पानांवर एकही रक्कम, एकही गल्ली, एकही ठराव नाही ती पाने एकमेकींसारखी दिसू लागतात. फिलाडेल्फियावरच्या लेखातही हा दोष मधूनमधून डोकावतो. तेथील जनता भ्रष्ट आणि वर समाधानी आहे हे सूत्र लेखकाला इतके आवडले आहे की पुरावा त्याच्यामागून धावतो.

आता ज्या प्रकरणामुळे या ग्रंथाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते ते प्रकरण. सेंट लुईसवरचा तो पहिला लेख स्टेफन्सच्या एकट्याच्या नावावर प्रसिद्ध झाला नव्हता. मासिकात त्यावर दोन नावे होती, आणि दुसरे नाव क्लॉड वेटमोर याचे होते. वेटमोर सेंट लुईसचाच पत्रकार. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात स्टेफन्सने याची हकीकत दिली आहे. लेख लिहिण्याचे काम वेटमोरला दिले होते. त्याचे हस्तलिखित आले तेव्हा त्यात काही नावे गाळलेली, काही गोष्टी सौम्य केलेल्या आढळल्या. विशेषतः एड बटलर या नगरधन्याच्या बाबतीत हात राखून लिहिलेले होते. हा बटलर मूळचा घोड्यांना नाल ठोकणारा लोहार, आणि पुढे सर्व पक्षांच्या सभासदांची खरेदीविक्री करणारा मध्यस्थ. स्टेफन्सने गाळलेले सर्व परत घातले. वेटमोरने हरकत घेतली: हे छापल्यावर मला या गावात राहायचे आहे. शेवटी तोड निघाली ती अशी की लेखावर स्टेफन्सनेही सही करावी आणि दोष वाटून घ्यावा.

आत्मचरित्रात ही गोष्ट हलक्या हाताने सांगितली आहे, आणि वाचक सहज स्टेफन्सच्या बाजूने जातो. एक निर्भय, दुसरा भित्रा. न्याय सरळ दिसतो. तथापि तो इतका सरळ आहे काय? स्टेफन्सची निर्भयता परतीच्या तिकिटासह आली होती. लेख छापून येण्याच्या सुमारास तो मिनिआपोलिसच्या शोधात होता. वेटमोरला दुसऱ्या दिवशी त्याच नगरभवनाच्या पायऱ्या चढावयाच्या होत्या, त्याच कारकुनांकडे कागद मागावयाचे होते, आणि त्या कारकुनांपैकी निम्मे बटलरच्या शब्दाने नोकरीला लागलेले. त्याचे मौन म्हणजे केवळ भीती नव्हे. उद्याची बातमी मिळत राहावी म्हणून आज दिलेली ती किंमत होती. स्थानिक बातमीदाराचे सारे लेखन या किमतीने आखलेले असते. तो जे जाणतो आणि जे लिहितो यांच्यामध्ये एक रुंद पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यातच त्याचे कसब वसते: निनावी दहा ओळी लिहून, ज्याला कळायचे त्याला कळेल इतके सांगून, उरलेले राखून ठेवणे. ज्या बातमीने सेंट लुईसची सत्ता हादरली तिच्यात एकही नाव नव्हते, हे येथे विसरून चालणार नाही.

मराठीत ‘बातमीदार’ या शब्दाचा जुना अर्थ हेर असा होता. ‘वार्ताहर’ हा संस्कृत शब्द नंतर शिष्टपणाने आला आणि त्याने तो वास धुऊन टाकला. जुना शब्द अधिक खरा होता असे वाटण्याजोगे हे प्रकरण आहे. हेराला शत्रूच्या गोटात राहावे लागते, तिथले अन्न खावे लागते.

गंमत अशी की स्टेफन्स स्वतः त्या गोटात राहिलेला होता. १८९२ पासून त्याने न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग पोस्ट’साठी बातमीदारी केली, मलबेरी स्ट्रीटवरच्या पोलीस कचेरीत त्याचे ठाणे होते आणि जेकब रीस हा त्याचा तिथला सहव्यवसायी. त्या दिवसांतली एक कथा त्याने सांगितली आहे. रीस आणि तो चढाओढीने चोऱ्यांच्या बातम्या देऊ लागले. इतर वृत्तपत्रेही त्यात उतरली. आणि पाहता पाहता नगरात गुन्ह्यांची लाट आल्याची हाकाटी झाली. गुन्हे वाढले नव्हते, केवळ छापले जात होते. पोलीस मंडळाचा तत्कालीन अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याने दोघांना गाठले, दोघांनी हात आवरला, आणि लाट ओसरली. स्वतःच्या धंद्यावर इतका स्वच्छ प्रकाश टाकणारी कथा दुसऱ्या पत्रकाराने क्वचितच लिहिली असेल. नगर जसे आहे तसे वर्तमानपत्रात उतरत नाही. बातमीदार ज्या बाकावर बसतो त्या बाकावरून जेवढे दिसते तेवढे नगर असते. हे ज्याला ठाऊक होते त्यानेच पुढे एकेका नगरात काही आठवडे काढून त्यावर निवाडे लिहावेत, हा विरोधाभास त्याच्या चरित्रकारांनी फारसा मनावर घेतलेला नाही.

मिनिआपोलिसवरच्या लेखात मात्र तो निवाड्याच्या मोहातून पुष्कळसा सुटला आहे, आणि त्याचे श्रेय एका वहीला आहे. तेथील महापौर डॉक्टर एम्स याच्या राजवटीत जुगारी ठकांनी कोणाला किती हप्ता दिला याची नोंद एका खातेवहीत ठेवली होती. ती ग्रँड ज्यूरीच्या हाती लागली, आणि जानेवारी १९०३ च्या अंकात तिच्या पानांची छायाचित्रेच छापली गेली. ओबडधोबड अक्षर, तारखा, आकडे, अर्धवट नावे. या पानांशेजारी लेखकाचे कोणतेही वाक्य उभे राहू शकत नाही, हे स्टेफन्सने ओळखले आणि आवाज खाली घेतला. पिढीपूर्वी, १८७१ साली, न्यूयॉर्कच्या ट्वीड टोळीचा पाडाव झाला तोही ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सरकारी हिशेबातले आकडे स्तंभांतून जसेच्या तसे छापल्यामुळे. सेंट लुईसच्या लेखाच्या शीर्षकात ट्वीडचे नाव आहे ते उगाच नाही. शिकागोच्या लेखातही जी संस्था लेखकाला आशा देते, ती १८९६ साली स्थापन झालेली म्युनिसिपल व्होटर्स लीग, तिचे मुख्य शस्त्र काय होते? प्रत्येक नगरसभासदाने कोणत्या ठरावावर कसे मत दिले याची नोंद काढून निवडणुकीपूर्वी छापणे. अर्थात बातमीदाराचीच वही.

पिट्सबर्ग आणि न्यूयॉर्क यांवरचे लेख या दृष्टीने विशेष काही देत नाहीत.

मराठी वाचकाला या ठिकाणी दिगू टिपणीस आठवल्यावाचून राहणार नाही. अरुण साधू स्वतः बातमीदार आणि संपादक होते. १९७७ च्या ‘सिंहासन’मध्ये त्यांनी उभा केलेला हा पत्रकार, आणि जब्बार पटेल यांच्या १९७९ च्या चित्रपटात निळू फुले यांनी साकार केलेला, वेटमोरचा मराठी भाऊबंद आहे. त्याला सर्व ठाऊक असते, सर्वजण त्याच्यापाशी मन मोकळे करतात, आणि त्यातले फार थोडे छापता येते. जाणणे आणि लिहिणे यांच्यामधला तो रुंद पट्टा येथे माणसाला गिळतो. चित्रपटाच्या शेवटचे त्याचे वेडे हसू हे न लिहिलेल्या बातम्यांचे हसू आहे. स्टेफन्सला न जमलेली एक गोष्ट साधूंनी केली: त्यांनी बातमीदाराला दूत म्हणून विंगेत पाठवले नाही, त्याला मध्यभागी बसवले. परंतु दिगूचे विश्व मंत्रालयाचे आहे, महापालिकेचे नव्हे. आणि ही केवळ एका कादंबरीची गोष्ट नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहून रस्ते, तळी, बाजार, समुद्रात घातलेली भरणी यांच्या तपशिलातून एका नगराची वाढ नोंदवली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८६५ च्या कायद्याने, मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला. १८८८ च्या कायद्याने महापालिकेची चौकट ठरली. पण मराठी कथात्म गद्य नगराकडे वळले ते चाळीच्या, झोपडपट्टीच्या, गिरणीच्या दाराने. ते दार मोठे होते आणि त्यातून मोठे साहित्य आले, याबद्दल वाद नाही. स्थायी समितीच्या दाराने मात्र फारसे कोणी आत शिरले नाही. पाण्याची वाहिनी कोणत्या वस्तीला आधी मिळाली, विकास आराखड्यातले मैदान कोणत्या बैठकीत निवासी झाले, हे ज्या माणसांना तारीखवार ठाऊक होते त्यांनी ते दैनिकांच्या आतल्या पानांवर चार-पाच ओळींत लिहिले, आणि ती पाने दुसऱ्या दिवशी रद्दीत गेली. चाळीत कोणाच्या घरी पाणी नाही हे साहित्याने सांगितले. ते का नाही हे त्या रद्दीत आहे.

हजेरीच्या ज्ञानाचे मोल ते नाहीसे झाल्यावर अधिक कळते. अमेरिकेत २००५ नंतरच्या दोन दशकांत एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली, आणि त्यांत बहुतेक लहान गावांची होती. लॉस एंजलिसजवळचे बेल हे सुमारे छत्तीस हजार वस्तीचे श्रमिकांचे नगर. तेथील नगर-व्यवस्थापक वर्षाला सुमारे ७,८८,००० डॉलर पगार घेत असल्याचे २०१० साली ‘लॉस एंजलिस टाइम्स’च्या जेफ गॉटलीब आणि रुबेन व्हिव्हेस या बातमीदारांनी उघड केले, त्या कामाला पुढल्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. कामगिरी मोठी होतीच. पण तो पगार एका रात्रीत वाढला नव्हता. तो वर्षानुवर्षे वाढत गेला होता. तेथील सभागृहात पत्रकारांच्या बाकावर नियमाने येऊन बसणारे कोणी नव्हते. एखादा गॅल्व्हिन तिथे असता तर पहिल्याच वाढीला दहा ओळी आल्या असत्या, पारितोषिक कोणालाच मिळाले नसते, आणि समीक्षकांना लिहिण्यासारखे काही उरले नसते.

१९०६ साली रूझवेल्टने, तो आता राष्ट्राध्यक्ष झालेला, स्टेफन्सच्या पंथातल्या लेखकांना बन्यनच्या रूपककथेतल्या चिखल उकरणाऱ्या माणसाची उपमा दिली. टोमणा होता, त्यांनी तो बिरुद म्हणून मिरवला. त्या उपमेत एक चूक आहे, आणि ती रूझवेल्ट इतकीच त्याच्या विरोधकांचीही आहे. चिखल उकरणारा खाली पाहतो म्हणून त्याला आकाश दिसत नाही, असा तिचा रोख. पण सेंट लुईसच्या नळातून आलेला चिखल कोणत्या ठरावामुळे आला हे कळण्यासाठी वर पाहून उपयोग नव्हता.

बटलरला झालेली शिक्षा मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. इतर अनेकांच्या शिक्षाही तशाच उलटल्या. स्टेफन्सने सेंट लुईसवर दुसरा लेख लिहिला तो मार्च १९०३ मध्ये, आणि तो एकट्याच्या सहीने. त्या नगराला लाज वाटत नाही, असा त्याचा सूर आहे. पहिल्या लेखाची घनता त्यात नाही. वेटमोर सेंट लुईसमध्येच राहिला. १९०४ साली, म्हणजे ‘द शेम ऑफ द सिटीज’ निघाले त्याच वर्षी, त्यानेही एक पुस्तक प्रसिद्ध केले: ‘द बॅटल अगेन्स्ट ब्रायबरी’. फोकच्या लढ्याचा एकमेव संपूर्ण वृत्तान्त असा त्याच्या मुखपृष्ठावरचा दावा आहे, आणि ते न्यूयॉर्कहून नव्हे तर सेंट लुईसहूनच निघाले. ज्या माणसाने दोन वर्षांपूर्वी नावे गाळली होती त्याने आता आपल्याच गावात, आपल्या एकट्याच्या नावाने, सबंध पुस्तक छापले होते. स्टेफन्सच्या ग्रंथाच्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या आणि विद्यापीठांतून तो आजही नेमला जातो. वेटमोरचे पुस्तक जुन्या ग्रंथालयांच्या याद्यांत मिळते.